स्लाइडवरची मराठी का बिघडते?

दुर्ग आणि भिलाई ही छत्तीसगडमधली जोडशहरे. त्यांतील पद्मनाभपुर या वसाहतीत निवृत्तीनंतर माझा मुक्काम आहे. आमचा पत्ता लिहिताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. संगणकाला देवनागरी किती येते, याची परीक्षा घेण्यासाठी या पत्त्याइतके सोपे साधन दुसरे नाही.

पद्मनाभपुर या शब्दात ‘द’ आणि ‘म’ यांचे जोडाक्षर आहे आणि ‘प’ला उकार आहे. दुर्गमध्ये रफार आहे. भिलाईमध्ये ऱ्हस्व वेलांटी आहे. ती उच्चारात ‘भ’नंतर येते, पण कागदावर ‘भ’च्या आधी काढली जाते. देवनागरीचे जवळजवळ सगळे अवघड प्रकार या तीन नावांत आले. राहिला तो फक्त मराठीचा खास अर्धा ‘र’. त्यासाठी पत्त्यात ‘दुसऱ्या मजल्यावर’ एवढे शब्द जोडावेत. ही एक ओळ सादरीकरणाच्या पहिल्या स्लाइडवर टाकावी आणि ज्या संगणकावर सादरीकरण दाखवायचे आहे त्यावर ती फाइल उघडून पाहावी. पुढे काय काय बिघडणार आहे, ते त्या एका ओळीतच कळते.

हा विषय फार किरकोळ आहे, तो कार्यालयातल्या ‘कॉम्प्युटरवाल्या मुला’कडे सोपवून मोकळे व्हावे, असे आपल्याकडील पुष्कळ वरिष्ठ अधिकाऱ्यांना वाटते. मला तसे वाटत नाही. त्याचे कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका आढावा बैठकीस मी उपस्थित होतो. एका कार्यालयाने हिंदीतून सादरीकरण तयार करून आणले होते. सभागृहातील संगणकावर त्या कार्यालयातला फॉन्ट नव्हता. पहिल्या दोन स्लाइड इंग्रजीत होत्या, त्या नीट दिसल्या. तिसरी स्लाइड आली आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग उभा राहिला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहून सांगितले, ‘आगे बढ़िए.’ ती स्लाइड वगळली गेली. तिच्यावर सात गावांची नावे होती आणि प्रत्येक नावापुढे उन्हाळ्यात कोणत्या महिन्यात हातपंप कोरडा पडतो ते लिहिले होते. माहिती गोळा करणारा कर्मचारी त्या गावांत फिरला होता, गावकऱ्यांनी त्याला माहिती दिली होती. फाइलमध्ये ती सगळी होती. परंतु बैठकीच्या इतिवृत्तात त्या सात गावांचा उल्लेख आला नाही, कारण बैठकीत ती गावे कोणी वाचलीच नाहीत. प्रशासनात जे वाचले जात नाही ते घडले नाही असे धरले जाते. फॉन्ट ही किरकोळ बाब नाही ती एवढ्यासाठी.

आता मूळ प्रश्न. असे होते तरी का?

त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. भारतीय लिप्यांसाठी एक समान कळफलक असावा म्हणून भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट कळफलक ठरवला. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली प्रमाणित केली आणि हा कळफलकही त्या मानकात घेतला. त्याच वर्षी जागतिक पातळीवर युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा एक स्वतंत्र गट मिळाला आणि त्यातील अक्षरांची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली होती. म्हणजे पाया आपलाच होता.

परंतु बाजार थांबला नाही. छपाईचे काम चालू ठेवायचे होते, कार्यालयांना पत्रे काढायची होती. तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक सोयीची वाट काढली. संगणकाला समजू द्यायचे की हा इंग्रजी मजकूर आहे आणि इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवायचे. हिंदी पट्ट्यात सर्वत्र पसरलेल्या कृतिदेव फॉन्टमध्ये ‘भारत’ लिहिले की संगणकात प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरे साठतात. पहिल्या दोहोंनी ‘भ’ होतो, तिसऱ्याने काना, चौथ्याने ‘र’, पाचव्याने ‘त’. टंकलेखन यंत्रावर बोटे बसलेल्या लिपिकांना ही रचना ओळखीची होती, म्हणून ती चटकन रुजली. प्रत्येक कंपनीची बसवणूक मात्र वेगळी. एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडत नसे. कागदावर छापून घेतले की काम भागत होते, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

सादरीकरण आले आणि हे उघडे पडले. पत्र छापून पाठवता येते. सादरीकरणाची फाइल मात्र पेनड्राइव्हवरून किंवा ईमेलने दुसऱ्याच्या संगणकावर जाते आणि तिथे उघडते. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये बाजारात आले ते मॅकिंटॉशसाठी, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. विंडोजवर देवनागरीची सोय मात्र विंडोज २००० पासून सुरू झाली. त्यासोबत आलेला मंगल हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराने रेखाटला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्यानंतरच्या एक्सपीमध्येही ही सोय आपोआप चालू नसे. भाषांच्या पटलावर जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि तेवढ्यासाठी मूळ सीडी मागितली जाई. ती कार्यालयात कोणाच्या कपाटात आहे हे कोणालाच माहीत नसे. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ही अडचण संपली. जुन्या फाइली मात्र संपल्या नाहीत.

वाचकमित्रांनो, तुम्ही बडोद्याला असा, इंदूरला असा, बंगळुरूला वा न्यू जर्सीला. गणेशोत्सवाच्या किंवा दिवाळी संमेलनाच्या सादरीकरणाचे काम कधी ना कधी तुमच्या गळ्यात पडतेच. म्हणून लक्षणावरून रोग कसा ओळखावा, ते क्रमाने देतो.

१. रोमन अक्षरांचा ढीग दिसतो. याचा अर्थ मजकूर मुळात देवनागरीत साठवलेलाच नाही. तो जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे आणि तो फॉन्ट या संगणकावर नाही. तो मिळवून बसवला तर स्लाइड तात्पुरती वाचता येते. कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे. त्यासाठी आधी मूळ फॉन्टचे नेमके नाव हवे. पॉवरपॉइंटमधील ‘रिप्लेस फॉन्ट्स’ ही आज्ञा उघडली की फाइलमध्ये वापरलेल्या फॉन्टांची यादी दिसते. फॉन्ट संगणकावर नसला तरी त्याचे नाव तिथे असते. येथे एक धोका आहे. नुसते फॉन्टचे नाव बदलून मंगल केल्याने काहीही होत नाही. रोमन अक्षरे रोमनच राहतात.

२. चौकोन दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये आहे, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. ‘ॲ’ हे अक्षर याचे उत्तम उदाहरण. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून ते लिहावे लागे. जुन्या संगणकावरील फॉन्टला नवे अक्षर माहीत नसते, म्हणून ‘ॲड.’ किंवा ‘ॲप’ या शब्दांच्या सुरुवातीला चौकोन येतो. फॉन्ट बदलावा, मजकूर बदलू नये.

३. भिलाईचे ‘भलिाई’ झाले, किंवा उकार टिंबाटिंबांच्या वर्तुळावर लटकला. मजकूरही ठीक, फॉन्टही ठीक, परंतु अक्षरे जुळवणारी यंत्रणा तिथे काम करत नाही. वेलांटी उच्चाराच्या क्रमाने साठते आणि पडद्यावर आधी आणून ठेवावी लागते. हे आणून ठेवण्याचे काम फॉन्ट एकटा करत नाही. जुन्या आवृत्त्या, काही चित्रकामाच्या आज्ञावल्या आणि फाइलचे पीडीएफ वा चित्र बनवणारी काही साधने येथे कमी पडतात. असा मजकूर दुरुस्त करण्यासाठी वेलांट्या हाताने पुढेमागे हलवू नयेत. तसे केले तर आजचे चित्र बरे दिसते, पण मजकूर कायमचा चुकीचा होतो आणि उद्या चांगल्या संगणकावर तोच बिघडलेला दिसतो.

४. द आणि म वेगळे पडले, ‘द’चा पाय मोडका दिसतो. येथे यंत्रणा चालू आहे, पण त्या फॉन्टमध्ये ते जोडाक्षर रेखाटलेले नाही. वाचता येते, चूकही नाही, पण डोळ्यांना खटकते. अधिक संपन्न फॉन्ट घ्यावा. एक मुख्तचा फॉन्ट सुचवतो त्याऐवजी चार सुचवतो: मुक्त, आयआयटी मुंबईचा शोभिका, नोटो देवनागरी आणि तिरो देवनागरी मराठी. हे चारही विनामूल्य मिळतात.

५. मात्रा कापल्या जातात, ओळी एकमेकींत घुसतात. रोमन अक्षराला वर-खाली थोडीच जागा लागते. देवनागरीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार यांची सोय हवी. ओळींमधील अंतर ‘एक्झॅक्टली’ असे ठरवून इंग्रजी मजकुराच्या मापाने दिलेले असले की देवनागरीचा जीव गुदमरतो. ते ‘मल्टिपल’ किंवा ‘सिंगल’ करावे. अक्षरांमधील अंतर वाढवण्याचा मोह टाळावा. त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द मोडक्या कुंपणासारखा दिसतो.

६. अक्षरे आपोआप लहान होतात. मजकूर चौकटीत मावत नसला की आज्ञावली तो आकसवते. मंगलला उंची जास्त लागते, म्हणून इंग्रजीत सहा ओळी मावणाऱ्या चौकटीत मराठीच्या चारच मावतात. येथे उपाय तांत्रिक नाही. वाक्य कमी करावे. स्लाइड ही टिपणी नव्हे, तिने वक्त्याची जागा घेऊ नये.

७. एकाच ओळीत दोन तऱ्हेची देवनागरी दिसते. इकडून तिकडून चिकटवलेल्या मजकुरासोबत त्याचे मूळ रूपही येते. चिकटवताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ हा पर्याय घ्यावा. आधीच चिकटवले असेल तर मजकूर निवडून कंट्रोल आणि स्पेसबार दाबावा, वरून लादलेले रूप निघून जाते. यामागची एक गोष्ट ठाऊक असावी. या आज्ञावलीत प्रत्येक मजकुरासाठी फॉन्टचे तीन कप्पे असतात: एक रोमनसाठी, एक पूर्व आशियाई लिप्यांसाठी आणि एक देवनागरी-अरबीसारख्या गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी. वर नाव दिसते एका फॉन्टचे आणि देवनागरी उमटते दुसऱ्याच फॉन्टमध्ये, असे होते ते यामुळे. म्हणून फॉन्ट प्रत्येक स्लाइडवर न ठरवता मुख्य साच्यात, म्हणजे स्लाइड मास्टरमध्ये, एकदाच ठरवावा.

आणि जाण्यापूर्वी फाइल जतन करताना फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करण्याचा पर्याय निवडावा. फाइल थोडी जड होते. सोबत एक पीडीएफ प्रतही ठेवावी. ॲनिमेशन हरवेल, पण सात गावांची नावे हरवणार नाहीत.

आता मराठीपुरती एक वेगळी बाब. आम्ही छत्तीसगडमध्ये राहतो, इथे कार्यालयातील देवनागरी म्हणजे हिंदीची देवनागरी. मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवून दिली आणि १० नोव्हेंबर २०२२ ला ती अद्ययावत केली. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही ‘ल’ एकच आहेत, आणि ते योग्यच आहे, कारण अक्षर एक, वळण दोन. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की मराठी वळण येऊ शकते. तिरोने तर हिंदी आणि मराठीसाठी वेगवेगळे फॉन्टच दिले आहेत.

वळणाचे एक वेळ चालून जाईल. अर्ध्या ‘र’चे चालत नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. रफार चढला की डोंगर बुडालाच.

आमच्या शेजारच्या एका वहिनींच्या यजमानांनी २००३ साली नातवंडांसाठी चाळीस स्लाइडचे एक सादरीकरण केले होते. विदर्भातून पोलाद कारखान्याच्या नोकरीसाठी ते तरुणपणी भिलाईला कसे आले, सुरुवातीला राहायला कुठे होते, पहिला पगार किती होता, असे सगळे त्यात होते. ते गेले. नातू परदेशात. त्याने फाइल उघडली तर छायाचित्रे दिसली आणि त्यांच्याखाली रोमन अक्षरांचा ढीग. वहिनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊसाहेब, यांचं लिहिलेलं वाचता येईल का हो?’

फॉन्टचे नाव मिळाले. पुण्याहून कोणी आणून दिलेला, आता बाजारात नसलेला तो मराठी फॉन्ट होता. त्याच जातीच्या फॉन्टसाठी असलेले एक रूपांतरक सापडले आणि मजकूर युनिकोडमध्ये आला. पण ते साधन हिंदीसाठी केलेले होते, त्याला मराठीचा अर्धा ‘र’ ठाऊक नव्हता. मी वाचत होतो, वहिनी ऐकत होत्या. एका स्लाइडवर आले, ‘आचार्यांच्या हातची पोळी दोन वर्षे खाल्ली.’ वहिनी एकदम हसल्या. ‘अहो, आचार्य कुठले! मेसमधले आचारी होते ते.’ मग त्यांनी त्या आचाऱ्यांचे गाव सांगितले, ते कोणत्या भाजीत गूळ घालत ते सांगितले. यातले स्लाइडवर काहीच नव्हते. आम्ही चाळीस स्लाइड चार दिवसांत पुरत्या केल्या. अशी बारा ठिकाणे निघाली, तिथे यंत्राने शब्द बदलला होता आणि खरा शब्द केवळ त्यांना माहीत होता.

रूपांतरक वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. रफार, ऱ्हस्व वेलांटी, अर्धा ‘र’ आणि मधेच आलेले इंग्रजी शब्द या चार जागी ते हमखास चुकतात. इंग्रजी शब्दांचेही ते देवनागरी करून टाकतात, म्हणून त्यांना आधी बाजूला काढावे. आणि रूपांतरित मजकूर यंत्रावर भरवसा ठेवून न सोडता, जाणत्या माणसाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावा.

प्रशासनाच्या अंगाने पाहिले तर धोरण केव्हाच ठरलेले आहे. ई-प्रशासनासाठी युनिकोड हे संकेतमानक आणि ओपन फॉन्ट फॉरमॅट हे फॉन्टमानक भारत सरकारने २००९ मध्ये अधिसूचित केले. पण परिपत्रक निघाल्याने लिपिकाची बोटे बदलत नाहीत. जुन्या कळफलकावर पंधरा वर्षे सराव केलेल्या माणसाला ‘उद्यापासून युनिकोड’ असे सांगून चालत नाही. त्याला महिनाभर सरावासाठी वेळ द्यावा लागतो, त्या काळात त्याचे काम मंदावणार हे वरिष्ठांनी मान्य करावे लागते. शिवाय जुन्या टंकलेखन यंत्राची रचना कायम ठेवून युनिकोड उमटवणारे कळफलकही उपलब्ध आहेत, ते बसवून दिले तर विरोध निम्मा होतो. माझा अनुभव असा की लिपिक नव्या गोष्टीला विरोध करत नाहीत, ते चुकीचे खापर आपल्यावर फुटेल याला घाबरतात. ती भीती अधिकाऱ्याने काढायची असते.

आमच्या पत्त्यातला एक प्रश्न मात्र कोणताही फॉन्ट सोडवणार नाही. येथील पाट्यांवर पद्मनाभपुर ऱ्हस्व लिहितात, कारण हिंदीत ‘पुर’ ऱ्हस्व आहे. मराठीच्या नियमाप्रमाणे नागपूरसारखे पद्मनाभपूर व्हायला हवे. मतदार यादी, वीजबिल आणि मुलांचे दाखले ऱ्हस्वात असल्यामुळे मी ऱ्हस्वच लिहितो. शोध घेणाऱ्या यंत्राला ती दोन वेगळी नावे वाटतात. नाव कोणत्या शुद्धलेखनाने लिहायचे ते माणसांनी एकदा ठरवायचे आणि सगळीकडे तेच ठेवायचे. कागदपत्रांत सुसंगती ही शुद्धतेपेक्षा पुष्कळदा अधिक उपयोगी पडते.

शेवटी महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना एक विनंती. १९९० पासून पुढच्या पंधरा-वीस वर्षांतील तुमची इतिवृत्ते, स्मरणिका, सभासदांच्या याद्या, नाटकांच्या संहिता आणि सादरीकरणे बहुधा अशाच जुन्या फॉन्टमध्ये कुठल्यातरी सीडीवर पडून असतील. पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या. एका तरुणाकडे फॉन्टचे काम द्या आणि एका ज्येष्ठाला त्याच्या शेजारी बसवा. सीडी खराब होण्याआधी हे झाले पाहिजे, आणि आचारी कोण होते हे सांगणारी माणसे आहेत तोवर झाले पाहिजे.